पारिजातक कोणाचा?

वाचक माउली,

संतांनी ममता सोडायला सांगितली. मग गेलेल्या माणसाची आठवण जपणे हाही मोहच का? अंगणातल्या एखाद्या झाडात जीव गुंततो, त्याच्या फुलाचे चित्र काढून ठेवावेसे वाटते. हे परमार्थाच्या आड येते का? पारिजातकाच्या निमित्ताने याचा विचार करू.

भगवंतांनी स्वर्गातून आणलेले हे झाड सत्यभामेच्या अंगणात लावले आणि फुले मात्र रुक्मिणीच्या अंगणात पडू लागली, ही कथा आपण कीर्तनात ऐकतो. तीच रुक्मिणी आपली रखुमाई. झाड माझे म्हणून फुलेही माझी, हा सत्यभामेचा हिशोब भगवंतांनी मोडला.

आमच्या घरी आईने तुळशीवृंदावनाजवळ पारिजातक लावला होता. रात्री ती झाडाखाली धुतलेले जुने लुगडे अंथरी आणि पहाटे फुले वेचून विठोबाला हार करी. गळालेले फूल एरवी देवाला वाहत नाहीत. याला तेवढी सूट आहे. रात्री उमलावे आणि पहाटे आपणहून गळावे, हा त्याचा स्वभावच. आई गेल्यावर घराची वाटणी झाली. मधे भिंत उठली आणि झाड धाकट्या भावाच्या वाट्याला गेले. ते मला फार बोचले. पण फांद्या भिंतीला जुमानत नाहीत. भाद्रपदात बहर आला आणि निम्मी फुले माझ्या बाजूला पडली.

त्यातली चार फुले ताटलीत घेऊन मी जलरंगांनी चित्र काढायला बसतो. ऊन चढले की पाकळ्या मलूल होतात, म्हणून वेळ थोडा. नीट पाहिले की कळते, एका फुलाला पाच पाकळ्या, दुसऱ्याला सात. प्रत्येक पाकळी भिंगरीच्या पात्यासारखी किंचित वळलेली, टोकाशी खाच असलेली. देठाचा केशरी रंग थेट फुलाच्या मध्यापर्यंत चढलेला. आणि पांढरा रंग? तो भरायचाच नसतो. कागदाचा पांढरेपणा तसाच राखायचा आणि भोवतालची सावली, पाने, ओली माती रंगवायची. फूल आपोआप वर येते. तिथे हात न लावणे हेच चित्रकाराचे काम.

आठवणीचेही तसेच आहे. 'माझी आई, माझे झाड, माझा हक्क' असे रंग तिच्यावर चढवले तर आई झाकली जाते आणि उरतो फक्त 'मी'. हात आवरला, की तिचे वाकून फुले वेचणे, तिच्या बोटांवरचा केशरी डाग, सारे जसेच्या तसे दिसते.

माउली, आपला परमार्थ तर स्मरणावरच उभा आहे. नाम घेताना आपण देवावर मालकी सांगत नाही, स्वतःला त्याच्या स्वाधीन करतो. म्हणजे दोष स्मरणाचा नाही, त्याला चिकटलेल्या 'माझे'चा आहे. ओळखायची खूण सोपी आहे. दुसऱ्याला देताना जी कमी होईल असे भय वाटते, ती ममता. दिल्याने जे वाढते, ते स्मरण.

यातले पहिले चित्र मी भावाला दिले. ते पाहून तो म्हणाला, "दादा, आई शेवटची ओंजळभर फुले शेजारच्या आजींच्या उंबऱ्यावर ठेवून यायची. मी तिचं बोट धरून जायचो." हे मला ठाऊकच नव्हते. माझ्या आठवणीतली आई त्या दिवशी ओंजळभर वाढली.

तुमच्या अंगणात जाई असेल, गुलबक्षी असेल, कुंडीतली सदाफुली असेल. चित्र येवो न येवो, एक फूल पाकळ्या मोजून शांतपणे पाहा. मग ते देवाला वाहा. आणि दुसरे फूल, ज्याच्याशी अबोला आहे त्याच्या दारी नेऊन द्या.

रामकृष्णहरी.