गुन्हा किल्ली फिरवतानाच

12 नोव्हेंबर 2006च्या पहाटे मुंबईत कार्टर रोडच्या फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर मोटार चढली आणि सात जण मेले. चालक प्यायलेला होता. सत्र न्यायालयाने त्याला सहा महिन्यांची कैद दिली, उच्च न्यायालयाने ती तीन वर्षांची केली आणि 2012मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. अशा प्रत्येक खटल्यानंतर शिक्षा किती असावी यावर आपण तावातावाने बोलतो. 2024मध्ये पुण्यातल्या कल्याणीनगरच्या अपघातानंतर अल्पवयीन चालकाला जामिनासाठी घातलेली तीनशे शब्दांच्या निबंधाची अट ऐकून साऱ्या राज्याचा संताप झाला, आणि तो रास्तच होता. पण तेवढीच पिऊन, तेवढ्याच वेगाने कितीतरी जण रोज सुखरूप घरी पोहोचतात. त्यांचे कृत्य तेच असते. वाटेत कुणी आडवे आले नाही, हे त्यांचे नशीब. त्यात त्यांची पुण्याई काही नाही. म्हणून गुन्हा किल्ली फिरवतानाच घडतो असे मी मानतो, आणि कायद्याचा जोरही तिथेच लागायला हवा.

कागदावर तो लागलेला आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185नुसार 100 मिलिलीटर रक्तात 30 मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल निघाले की पुरे. कुणाला खरचटलेही नसले तरी पहिल्या खेपेला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. 2019च्या दुरुस्तीपूर्वी हा दंड दोन हजारांपर्यंत होता.  पण बारमधून उठणारा माणूस दंडाचा हिशेब करत नाही, आज नाकाबंदी कुठे आहे याचा करतो. ‘पुलाखाली मामा उभे आहेत’ असा मेसेज ग्रुपवर पडतो आणि गाडी गल्लीतून वळते. ब्रिटनमध्ये 1967 साली श्वासचाचणी आली तेव्हा रस्त्यावरचे मृत्यू झपाट्याने घटले, पण काही वर्षांत ती घट विरली. शिक्षा बदलली नव्हती. समाजशास्त्रज्ञ लॉरेन्स रॉस यांनी त्याचे कारण दाखवले ते असे की, पकडले जाण्याची शक्यता आपल्याला वाटली तेवढी नाही, हे लोकांना कळून चुकले. उलट ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सने डिसेंबर 1982पासून संशय असो वा नसो, कोणत्याही चालकाला थांबवून फुंकायला लावले आणि त्यात खंड पडू दिला नाही. तिथली घट टिकली.

जीव घेणारा आणि घरी पोहोचलेला यांना एकाच मापाने मोजायचे का, असे कुणी विचारेल. नाही. ज्यांचे माणूस गेले त्यांच्यापुढे कायद्याला परिणाम मोजावाच लागतो, आणि सदोष मनुष्यवधाचे कलम त्यासाठीच आहे. पण ती शिक्षा प्रेत उचलल्यानंतर येते, आणि प्यायलेल्याला आपल्या हातून कुणी मरेल असे वाटतच नसते. दुसरा आक्षेप जास्त अडचणीचा आहे: सरसकट तपासणीचा अधिकार दिला की पोलिसांना चरायला कुरणच मिळेल. ही भीती खोटी नाही. पण आपल्या मोटार वाहन कायद्याचे कलम 203 श्वासचाचणीसाठी आधी संशयाला वाजवी कारण मागते, म्हणजे कुणाला फुंकायला लावायचे आणि कुणाला सोडायचे हे शेवटी नाक्यावरचा हवालदारच ठरवतो. देवघेव होते ती याच फटीत. ओळीने येणाऱ्या प्रत्येकापुढे नळी धरायची ठरली, तर ‘साहेब, जरा बघा ना’ म्हणायला जागा उरत नाही. गटारीला आणि थर्टी फर्स्टला कॅमेऱ्यांसमोर होणारी मोहीम खुशाल चालू राहू द्यावी. मात्र एखाद्या साध्या मंगळवारी, रात्री अकराला, तेही दर आठवड्याला वेगळ्या रस्त्यावर, नाका लागायला हवा.