चौरस फुटाच्या भावाने

हल्ली कला महाविद्यालयातून बाहेर पडणारा प्रत्येक जण बहुमाध्यमी असतो. चित्र, व्हिडिओ, मांडणशिल्प, फोटो, सगळं त्याच्या परिचयपत्रात असतं. आपल्या सोलापूर जिल्ह्यात, पंढरपुरात, 1915 साली जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांनीही हे सगळं केलं. पण त्यांच्या माध्यमांची सुरुवात पोटापाण्यापासून झाली. त्यांच्या कलेतलं जे टिकलं ते त्या रोजगारानं घडवलं, आणि जे पोकळ राहिलं ते पुढे, कुणी नाही म्हणणारं उरलं नाही तेव्हाचं आहे, असं मला वाटतं.

मुंबईत ते सिनेमाची होर्डिंगं रंगवत. मजुरी चौरस फुटाला चार-सहा आणे. या कामाची रीत अशी: लहान फोटोवर चौकटी आखायच्या, त्याच मोठ्या करून फलकावर उतरवायच्या, रेषा ओढायची आणि भराभर रंग भरायचा. नटीची भुवई हातभर लांब. जवळून बघाल तर नुसता काळा पट्टा, रस्त्याच्या पलीकडून बघाल तर भुवई. खोडाखोडीला वेळ नाही, कारण सिनेमा लागण्याचा शुक्रवार कुणासाठी थांबत नाही. दुरून वाचता येणारी ही ठसठशीत रेषा हुसेन यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. 1955 च्या ‘जमीन’ या अठरा फुटी चित्रात माणसं, जनावरं, शेत एका पट्टीत ओळीनं येतात. अशा लांबीला न बिचकणारा हात होर्डिंगवाल्याचाच असतो.

होर्डिंगनंतर फर्निचरच्या दुकानासाठी लाकडी खेळणी. तिथला सपाट, कापून काढल्यासारखा आकारही चित्रांत आला. 1947 साली चित्रकार सूझांनी त्यांना मुंबईच्या चित्रकारांच्या प्रोग्रेसिव्ह गटात घेतलं तेव्हा हा माणूस तिशी ओलांडलेला, संसाराचा, हाताला काम असलेला होता.

‘ग्रामयात्रा’ची गोष्ट इथे सांगायलाच हवी. 1954 चं हे तेरा छोट्या दृश्यांचं चित्र एका परदेशी डॉक्टरांनी दिल्लीत विकत घेतलं आणि ते कित्येक दशकं ऑस्लोच्या इस्पितळात टांगलेलं राहिलं. मार्च 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला 1 कोटी 37 लाख डॉलरच्या वर किंमत आली. चौरस फुटाचा भाव ज्यानं त्यानं काढावा.

सिनेमाकडे ते वळले ते 1967 साली, फिल्म्स डिव्हिजनसाठी. ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’ राजस्थानात चित्रित झाला. त्यात गोष्ट नाही. छत्री, कंदील, जोडा अशा वस्तू किल्ल्यांच्या आणि वाळूच्या पार्श्वभूमीवर येतात-जातात, मधूनच रेखाटनं, आणि संगीत. बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात त्याला लघुपटाचं सुवर्ण अस्वल मिळालं. याउलट ‘गजगामिनी’ (2000). हाताशी माधुरी दीक्षित, पैसा, नाव, सगळं होतं. पण अडवणारं काहीच नव्हतं. चित्रचौकटी देखण्या, पण सिनेमा बसत नाही. मुंबईच्या जहांगीर कलादालनातली 1992 ची ‘श्वेतांबरी’ ही मांडणी, म्हणजे पांढरं कापड आणि वर्तमानपत्रांच्या चिंध्या, हीदेखील कल्पनेपुढे जात नाही. अपवाद अहमदाबादच्या ‘गुफा’ या भूमिगत कलादालनाचा. तिथे पुण्यात जन्मलेले वास्तुकार बाळकृष्ण दोशी सोबतीला होते. भिंती सरळ नाहीत, छत डोक्यावर येतं. त्या अडचणीनं हुसेन यांना पुन्हा कामाला लावलं.

पंढरपूरचं काय? हुसेन दीड वर्षाचे असताना आई गेली. तिचा फोटो नव्हता. आठवणीत राहिलं ते मराठी पद्धतीचं लुगडं. त्यांच्या मदर तेरेसांच्या चित्रांत चेहऱ्याच्या जागी काळी पोकळी असते आणि सगळं वात्सल्य पदराच्या घड्यांतून, मांडीवरच्या मुलाभोवती फिरणाऱ्या निळ्या काठातून येतं. गाव त्यांच्याकडे उरलं ते एवढंच, आणि एवढं पुष्कळ झालं.

देवतांच्या रेखाटनांवरून खटले झाले. 2006 मध्ये त्यांनी देश सोडला. 2008 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं त्यांच्यावरच्या काही खटल्यांतली फौजदारी कारवाई रद्द केली, तरी ते परतले नाहीत. 2010 मध्ये कतारचं नागरिकत्व घेतलं, 2011 मध्ये लंडनला वारले. कुणाला ती चित्रं आवडली नाहीत तर तो त्याचा हक्क आहे. पण नव्वदीच्या म्हाताऱ्याला परमुलखात मरू दिलं, ही आपली नामुष्की आहे.

सोलापूरच्या रसिकांकडे एक मागणं आहे. तो 1967 चा लघुपट वीस मिनिटांचाही नाही. हुतात्मा स्मृती मंदिरात एखाद्या संध्याकाळी तो दाखवा, आणि आधी भाषण ठेवू नका.