सोडलेला मासा

अमेरिकेतील अर्कान्सॉ राज्यात व्हाइट नदी अडवून बीव्हर लेक हा जलाशय झाला. तेथे १९६७ साली रे स्कॉट यांनी गळाने 'बास' मासे पकडण्याची स्पर्धा भरविली. पुढे १९७२ साली, पकडलेला मासा मारू नये, असा आग्रह त्यांनी धरला. आता अशा स्पर्धांत मासा नावेतील पाण्याच्या टाकीत जिवंत राखतात, दिवसअखेर वजन करतात आणि पुन्हा पाण्यात सोडतात.

या सोडण्यास दया म्हणावे काय? कोळ्याच्या गळामागे पोट असते. येथे केवळ हौस. ट्राउट माशाच्या तोंडाभोवती इजा जाणणारे मज्जातंतू असल्याचे २००३ साली संशोधकांनी दाखविले. सबळ कारणावाचून प्राण्यास वेदना देणे जर्मनीच्या कायद्यास मान्य नाही. म्हणून केवळ सोडण्यासाठी मासा धरणे तेथे सामान्यतः गैर ठरते.

तथापि, जगणे आणि मरणे यांतील अंतर माशाच्या दृष्टीने थोडे नव्हे. सोडलेल्यांपैकी काही मासे दगावतात, तरी पुष्कळ जगतात. म्हणून सोडणाऱ्याचा संयम आम्ही हलका लेखीत नाही. परंतु संयम निराळा, दया निराळी. गळ टाकताना विचार आपल्या आनंदाचा आणि सोडताना उद्याच्या खेळाचा असेल, तर त्यात माशाचा विचार कोठे आला? घाव घालणाऱ्याने हात आवरला, एवढ्यानेच तो दयाळू ठरत नाही. हौस करावयाचीच असेल, तर तिला निदान हौस म्हणावे. सचोटीचा आरंभ तेथूनच होतो, असे आम्हांस वाटते.