घर विकण्यापूर्वी

नोकरीतून निवृत्त झाल्यावर राहते घर विकून मुलाकडे दुसऱ्या राज्यात कायमचे राहावयास जाणे, ही गोष्ट आता आपल्या समाजात नवलाची राहिलेली नाही. कोकणातील वाड्यावस्त्यांतून, सोलापूर-मिरजेच्या मोहल्ल्यांतून, मराठवाड्याच्या तालुक्यांतून शिकून बाहेर पडलेली मुले बेंगळुरू, हैदराबाद, अहमदाबाद अशा शहरांत स्थिरावली आहेत. आई-वडील थकतात, गावात दवाखान्याची सोय अपुरी असते, मुलगा आग्रह करतो, आणि एके दिवशी घर विकण्याचा निर्णय होतो. या निर्णयापाशी उभ्या असलेल्या वाचकांसमोर काही विचार मांडावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

जन्मभूमी सोडून जाणे मुळात योग्य आहे काय, हा अनेकांच्या मनातील पहिला प्रश्न असतो. वाडवडिलांचे घर विकले म्हणजे काही पाप घडले, अशी रुखरुख कित्येकांना लागून राहते. इस्लामची शिकवण या बाबतीत स्पष्ट आहे. पवित्र कुरआनात सूरह अन्-नहलच्या ८० व्या आयतीत घराला विसाव्याचे स्थान म्हटले असून ती अल्लाहची देणगी असल्याचे सांगितले आहे. देणगीची कदर करावयाची असते, तिची पूजा करावयाची नसते. अल्लाहची भूमी विशाल आहे, हेही कुरआनाने एकापेक्षा अधिक ठिकाणी सांगितले आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांना मक्का अत्यंत प्रिय होती, तरीही त्यांनी ती सोडली. पुढे मक्काविजयाच्या वेळी, आपण कोठे उतरणार, असे विचारले असता त्यांनी, अकीलने आपल्यासाठी एखादे घर शिल्लक ठेवले आहे काय, असा प्रतिप्रश्न केल्याचे बुखारी यांच्या संग्रहात आले आहे. चुलतभावाच्या ताब्यात गेलेली ती घरे विकली गेली होती. विजेते असूनही प्रेषितांनी (स.) ती परत मागितली नाहीत.

घराची ओढ वाटणे मात्र दोष नव्हे. मदीनेत आल्यावर ह. बिलाल (रजि.) तापाने आजारी पडले, तेव्हा ते मक्केच्या आठवणीने व्याकूळ होत असत. प्रेषितांनी (स.) त्याबद्दल त्यांना रागे भरले नाही. मदीना आम्हाला मक्केइतकी किंवा त्याहून अधिक प्रिय कर, अशी प्रार्थना त्यांनी अल्लाहपाशी केली. म्हणून आपली पत्नी, आपली वृद्ध आई घर सोडताना रडत असेल, तर तिच्या अश्रूंना श्रद्धेची उणीव समजू नये.

तेव्हा जाण्याची मुभा आहे. परंतु खरा प्रश्न यापुढे सुरू होतो. जे घर आपण विकणार आहोत, ते संपूर्णपणे आपले आहे काय?

कागदावर नाव आपले असते, म्हणून घर आपले, असे आपण धरून चालतो. परंतु आपल्याकडील कितीतरी घरे वडिलांकडून आलेली असतात, आणि वडिलांच्या मृत्यूच्या क्षणीच त्यांत मुलींचे हिस्से निर्माण झालेले असतात. सूरह अन्-निसाच्या ७ व्या आयतीनुसार आई-वडिलांनी मागे ठेवलेल्या मालमत्तेत, ती थोडी असो वा फार, पुरुषांप्रमाणे स्त्रियांचाही वाटा ठरलेला आहे. ११ व्या आयतीत मुलाला दोन मुलींइतका वाटा, हे प्रमाण दिलेले आहे. समजा, आई-वडील दोघेही हयात नाहीत आणि एक भाऊ व दोन बहिणी एवढेच वारस आहेत. घराचे ४० लाख रुपये आले, तर त्यांतील २० लाख भावाचे आणि प्रत्येकी १० लाख बहिणींचे. भावाने स्वतःच्या पैशाने घराची डागडुजी केली असेल, तर तो खर्च त्याने मोकळेपणाने हिशेबात मांडावा. पण बहिणींचे २० लाख हे त्याच्या औदार्याचा विषय नाहीत. ती त्यांची अमानत आहे.

यावर ठरलेले उत्तर असते: बहिणींनी तर केव्हाच हक्कसोड पत्रावर सही केली आहे. कायद्याच्या दृष्टीने विषय तेथे संपतही असेल. परंतु वाचकहो, ती सही कोणत्या परिस्थितीत झाली, याचा विचार आपण कधी केला आहे काय? बहुतेक बहिणी हिस्सा मागत नाहीत, कारण मागितला तर माहेर तुटेल, ही भीती त्यांच्या मनात असते. ईदला, बाळंतपणाला, दुःखाच्या प्रसंगी जाण्यासाठी एक उंबरा राहावा, म्हणून त्या गप्प राहतात. म्हणजे त्यांनी आपला वाटा माहेर राखण्यासाठी सोडला. आता तो उंबराच विकला जात असेल, तर ज्या आशेने त्यांनी सही केली ती आशाच उरली नाही. त्या सहीच्या आधारे संपूर्ण रक्कम खिशात घालून दुसऱ्या राज्यात निघून जाणे, हे न्यायाच्या कसोटीवर कसे उतरेल?

येथे मदीनेतील एक प्रसंग लक्षात घेण्यासारखा आहे. मशिदीसाठी निवडलेली जागा सहल आणि सुहैल या दोन अनाथ मुलांची होती. ती त्यांनी विनामूल्य देऊ केली. कार्य मशिदीचे, घेणारे स्वतः प्रेषित (स.), आणि देणाऱ्यांच्या मनात आनंद. तरीही प्रेषितांनी (स.) ती दान म्हणून घेण्यास नकार दिला आणि मोबदला देऊनच जागा घेतली. दुर्बळ बाजूने "आम्हाला काही नको" असे म्हटले, एवढ्यावर सबळ बाजूची जबाबदारी संपत नाही, हा धडा त्यातून मिळतो. म्हणून बहिणीचा वाटा आधी तिच्या हाती, तिच्या खात्यात जाऊ द्यावा. त्यानंतर तिने स्वखुशीने भावाला काही दिले, तर ती खरी देणगी होईल.

दुसरा हक्क आपल्याच मुलींचा आहे. पुष्कळदा घराची रक्कम मुलाच्या शहरातील फ्लॅटसाठी दिली जाते आणि फ्लॅट मुलाच्या नावावर होतो. मुलींना त्याचा पत्ताही नसतो. हयातीत मुलांना दिलेल्या देणगीलाही, म्हणजे हिब्यालाही, इस्लामने न्यायाचे बंधन घातले आहे. ह. नुमान बिन बशीर (रजि.) यांच्या वडिलांनी त्यांना एक देणगी दिली आणि प्रेषितांना (स.) साक्षीदार होण्याची विनंती केली. आपल्या सर्व मुलांना असेच दिले आहे काय, असे प्रेषितांनी (स.) विचारले. उत्तर नकारार्थी येताच त्यांनी साक्षीदार होण्यास नकार दिला. तेव्हा मुलाला घरासाठी रक्कम द्यावयाची असेल, तर ती कर्ज आहे, देणगी आहे की आपण स्वतः त्या घरात भागीदार आहोत, हे आधी ठरवावे आणि लिहून ठेवावे. व्यवहार लिहून ठेवण्याची आज्ञा सूरह अल्-बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. ती परक्यांपुरतीच आहे, असे तेथे कोठेही म्हटलेले नाही.

तिसरा हक्क शेजाऱ्याचा. मालमत्तेत भागीदार असलेल्याला तो हिस्सा विकत घेण्याचा अग्रहक्क इस्लामी न्यायशास्त्रात 'शुफ्आ' या नावाने ओळखला जातो. हनफी पंथ हा हक्क लगतच्या शेजाऱ्यालाही देतो. कोकणातील आपले बहुसंख्य बांधव ज्या शाफई पंथाचे आहेत, तो तो भागीदारापुरता मर्यादित मानतो. हा मतभेद आपल्या जागी आहे. परंतु ह. अबू राफे (रजि.) यांचे वर्तन सर्वांनी स्मरणात ठेवावे. ह. साद बिन अबी वक्कास (रजि.) यांच्या आवारातील आपल्या दोन खोल्या त्यांना विकावयाच्या होत्या. बाहेरून ५०० दिनारांची मागणी आलेली होती. ह. साद (रजि.) ४,००० दिरहमांपेक्षा अधिक द्यावयास तयार नव्हते, आणि तेही हप्त्यांनी. तरीही अबू राफे (रजि.) यांनी खोल्या सादांनाच दिल्या, कारण जवळ असल्यामुळे शेजाऱ्याचा हक्क अधिक, हे त्यांनी प्रेषितांकडून (स.) ऐकले होते. एवढा त्याग आपल्याला जमला नाही, तरी घर विकावयाचे आहे हे शेजाऱ्याला दलालाकडून कळण्याऐवजी आपल्या तोंडून कळावे, इतके तर आपल्याला निश्चितच जमेल.

चौथा हक्क घेणाऱ्याचा. पावसाळ्यात कोणत्या भिंतीला ओल येते, विहिरीचे पाणी कोणत्या महिन्यात आटते, वाटेचा वाद कोणाशी आहे, हे विकणाऱ्याला ठाऊक असते. विक्रेता व ग्राहक खरे बोलले आणि दोष उघड केले तर त्यांच्या व्यवहारात बरकत येते, लपवाछपवी केली तर ती पुसली जाते, अशा आशयाची हदीस बुखारी यांनी नोंदविली आहे. आपण तर हे गाव सोडून चाललो, पुन्हा तोंड दाखवावयाचे नाही, या विचाराने मोह अधिक वाढतो. दस्तात किंमत कमी दाखवून उरलेली रक्कम रोख घेणे हाही असाच मोह. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये वा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याची मनाई आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, खोट्या आकड्याखाली सही करणे ही खोटी साक्षच ठरते.

पाचवा हक्क पत्नीचा आणि स्वतःचा. आयुष्यभर ज्या स्त्रीने ते घर सांभाळले, कित्येकदा आपले दागिने मोडून उभे केले, तिला केवळ निर्णय कळविला जातो. तिचे मत आधी विचारावे. तिचे दागिने घरात गेले असतील, तर तेवढी रक्कम तिची आहे. सगळी पुंजी मुलाच्या हाती सोपवून उतारवयात दोघांनी पाहुण्यासारखे राहावे, हीदेखील इस्लामची अपेक्षा नाही. घर विकून आलेली रक्कम तशाच मालमत्तेत न गुंतविल्यास तीत बरकत राहत नाही, या आशयाची एक हदीस इब्ने माजा यांच्या संग्रहात आहे. ती विक्रीला मनाई करीत नाही, पण छप्पर गेले तर छप्पर उभे करावे, हे शहाणपण शिकविते. लहानसे का होईना, आपल्या नावावर घर असावे. एरवी ती रक्कम बँकेतील मुदत ठेवीत जाते आणि घरखर्च व्याजावर चालू लागतो. आयुष्यभर व्याजापासून दूर राहिलेल्या माणसाने अखेरच्या वर्षांत त्याच्यावर विसंबून राहावे, ही केवढी हानी! राहत्या घरावर जकात नव्हती. तिचे रोख रकमेत रूपांतर झाल्यावर चांद्रवर्ष पूर्ण होताच अडीच टक्के जकात लागू होते, म्हणजे २० लाखांवर ५० हजार, हेही विसरू नये.

शेवटचा हक्क मोहल्ल्याचा. बनू सलमा या कबिल्याची घरे मदीनेच्या कडेला, मशिदीपासून दूर होती. ती सोडून मशिदीजवळ राहावयास येण्याची इच्छा त्यांनी व्यक्त केली. हेतू तर उत्तम होता. परंतु मदीनेची ती बाजू उघडी पडावी, हे प्रेषितांना (स.) आवडले नाही. मशिदीकडे पडणारे तुमचे प्रत्येक पाऊल नोंदले जाते, असे सांगून त्यांनी त्यांना तेथेच राहण्यास सुचविले. एक कुटुंब गेले म्हणजे मशिदीच्या सफेतील माणसे कमी होतात, मदरशाचा एक आधार जातो, कबरस्तानाची देखभाल करणारा एक हात जातो. आजारपणामुळे किंवा एकटेपणामुळे ज्यांना जाणे भाग आहे, त्यांनी अवश्य जावे. पण जाताना मशिदीचा हिशेब, जमातीची वर्गणी, कोणाचे उधार-उसने पूर्ण करून जावे, आणि दूर राहूनही गावाशी मदतीचा धागा ठेवावा.

परक्या मुलखात मरण आले तर काय, ही वृद्धांची मोठी चिंता असते. कोणत्या भूमीत मरण येईल हे कोणालाही ठाऊक नाही, असे सूरह लुकमानच्या अखेरच्या आयतीत आले आहे. जन्मस्थानापासून दूर मरण पावलेल्या माणसाला त्या अंतराइतकी जागा जन्नतमध्ये मिळते, अशा आशयाची हदीस नसाई यांनी नोंदविली आहे. म्हणून दफन कोठे होईल याची काळजी करण्यापेक्षा, कबरीत जाताना कोणाचा वाटा आपल्याकडे राहिला आहे काय, याची काळजी करणे अधिक हिताचे.

वाचकहो, किल्ली नव्या मालकाच्या हाती देण्यापूर्वी एक दिवस काढा. बहिणींना, मुलींना, पत्नीला एकत्र बसवा. कागद घ्या आणि कोणाचे किती हे लिहा. शेजाऱ्याच्या दारी जाऊन चूकभूल माफ करण्याची विनंती करा. त्यानंतर खुशाल निघा. मग आपल्या नव्या घरात पहिली नमाज अदा करताना कोणाचीही हाय आपल्या मागे आलेली नसेल.

अल्लाह आपल्या सर्वांना हक्कदारांचे हक्क हयातीतच अदा करण्याची सद्बुद्धी देवो आणि आपण जेथे कोठे राहू तेथे आपल्या घरांत शांती व बरकत देवो. आमीन.