विवेकाचा आवाज



फ्रान्झ येगरश्टेटर हे ऑस्ट्रियातील एक साधे शेतकरी, तीन लहान मुलींचे पिता. १९४३ साली हिटलरच्या सैन्यात लढण्यास त्यांनी नकार दिला. कुटुंबाचा विचार करा, असे खुद्द बिशपांनीही समजावले. पण अन्यायी युद्ध त्यांच्या विवेकाला पटेना. ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्यांचा शिरच्छेद झाला. मुंबईचे माजी आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स यांनी त्यांचे उदाहरण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपुढे मांडले. त्याच परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी जाहीर केले की श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही सक्ती नको. २००७ साली ख्रिस्तसभेने फ्रान्झ यांना धन्यवादित घोषित केले.

आपल्या संविधानाचे २५ वे कलमही सर्वांना सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य देते. ते आपल्याला हवे, तसेच शेजाऱ्यालाही हवे. मात्र विवेक म्हणजे मनाची लहर नव्हे. प्रार्थनेने आणि देवशब्दाने तो घडवावा लागतो.

प्रभू येशू दार ठोठावतो, मोडून आत येत नाही. मग आपल्याच घरात वेगळा विचार करणाऱ्याला आपण काय देतो, धाक की प्रेमाने ऐकून घेणारा कान? या आठवड्यात यावर मनन करू या.