हात कोणाचा, कर्म कोणाचे

1974 साली नेपल्स येथे मारिना अब्रामोविच या कलावतीने मेजावर 72 वस्तू मांडल्या, त्यांत गुलाबाचे फूल होते तसे पिस्तूल व एक गोळीही होती, आणि सहा तासांपर्यंत आपल्या देहावर त्यांचा वाटेल तसा प्रयोग करावा, जबाबदारी सर्वस्वी आपली, असे तिने प्रेक्षकांस लिहून दिले. आरंभी संकोचलेली माणसे पुढे तिची वस्त्रे पात्याने कापू लागली. एकाने तर पिस्तूल तिच्या मानेला लावले. मुदत संपून ती चालू लागताच मंडळींनी पळ काढला म्हणतात. जबाबदारीचा फारखतनामा हाती असता ही मंडळी पळाली का, हा खरा तत्त्वज्ञानाचा प्रश्न.

त्याचे एक उत्तर गोसीखुर्दच्या धरणाजवळच्या पवनीस आहे. तेथील जगन्नाथ टेकडीवर 1969-70 साली झालेल्या उत्खननात जो बौद्ध स्तूप प्रकट झाला, त्याचे कठडे कोणा एका राजाच्या खजिन्यातून उभे राहिले नव्हते. दगडादगडावर सामान्य दात्यांची नावे ब्राह्मी अक्षरांत कोरलेली आहेत. बुद्धावर फणा धरणाऱ्या मुचलिंद नागाच्या शिल्पात तर फणांखाली केवळ रिकामे आसन आहे. तथागत तेथे बसवावयाचा तो पाहणाऱ्याने, आपल्या श्रद्धेने. आधुनिक कलावंत ज्यास प्रेक्षकाचा सहभाग म्हणून मिरवतात, तो येथे बावीसशे वर्षांपूर्वी विनागाजावाजा चालला होता, आणि दाता त्याखाली आपले नाव घालीत होता. चेतना, म्हणजे संकल्प, हेच कर्म, असे मानणाऱ्या बौद्ध धर्मात ते स्वाभाविकच होते: ज्याचा संकल्प त्याचे कर्म, मग दुसऱ्याने कितीही हमी लिहून देवो. नेपल्सचा फारखतनामा या न्यायासनापुढे रद्दी ठरतो.

मात्र हाच न्याय उलट बाजूनेही लावला पाहिजे. 1988 साली राजीव गांधींच्या हस्ते गोसीखुर्दची पायाभरणी झाली, तेव्हा लागू असलेल्या 1894 च्या भूसंपादन कायद्यात जमीनधारकाची हरकत ऐकण्याची तरतूद होती, संमती घेण्याची नव्हती. धरणासाठी जमीन गेली आणि मोबदल्याच्या पावतीवर ज्याने अंगठा उठविला, त्याचा हात त्या कार्यात होता, संकल्प नव्हता. म्हणून त्या अंगठ्यास दप्तराने त्याचा रुकार समजणे, हे पवनीच्या दात्याचे नाव खोडून तेथे दुसऱ्याचे घालण्याइतकेच खोटे आहे.