आशेची किंमत कोणी मोजायची?

मार्च २०२५मध्ये कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी आपल्या नव्या पॉडकास्टवर पहिला पाहुणा म्हणून चार्ली कर्क या उजव्या प्रचारकाला बोलावले. ट्रान्स मुलींनी मुलींच्या स्पर्धांत उतरणे अन्यायाचे आहे, या मताला त्यांनी तिथे दुजोरा दिला. हेच न्यूसम फेब्रुवारी २००४मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे महापौर होते, तेव्हा कायद्याची वाट न पाहता त्यांनी समलिंगी जोडप्यांना विवाहाचे परवाने द्यायला सुरुवात केली होती. मी समलिंगी आहे आणि या राज्याचा मतदार आहे. मराठी मित्रमंडळींत त्या आठवड्यात मी तावातावाने बोललो. तेव्हा एका ज्येष्ठ स्नेह्यांनी मला थांबवले. ‘रिक वॉरनच्या वेळीही तुम्ही असाच आरडाओरडा केला होता. शेवटी काय झाले? सात वर्षांत लग्नाचा हक्क मिळाला. नेत्याला त्याचे काम करू द्यावे, जरा धीर धरावा.’

हे गृहस्थ आमचे विरोधक असते तर मी गप्प बसलो असतो. ते आमच्या बाजूने मत देत आले आहेत, म्हणूनच त्यांना सविस्तर उत्तर द्यायला हवे. २००८ची ही कथा आता सगळीकडे अशीच सांगितली जाते आणि ती खोटी आहे.

४ नोव्हेंबर २००८च्या रात्री आम्हाला दोन निकाल एकदम मिळाले. बराक ओबामा राष्ट्राध्यक्ष झाले आणि कॅलिफोर्नियात ‘प्रॉपोझिशन ८’ बावन्न टक्क्यांहून अधिक मतांनी मंजूर झाले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मे महिन्यात दिलेला विवाहाचा हक्क मतदारांनी काढून घेतला. मधल्या काळात सुमारे १८ हजार जोडप्यांनी लग्ने केली होती. ओबामांचा या प्रस्तावाला विरोध होता. पण ऑगस्टमध्ये सॅडलबॅक चर्चच्या व्यासपीठावर, पास्टर रिक वॉरन यांच्या प्रश्नाला उत्तर देताना, विवाह म्हणजे स्त्री-पुरुषांचा संयोग असे त्यांनी सांगितले होते. प्रस्तावाच्या समर्थकांनी त्यांचे तेच शब्द प्रचारात मतदारांना ऐकवले. ज्याला मत द्यायला आम्ही निघालो होतो, त्याचाच आवाज आमच्याविरुद्ध वापरला गेला.

मग १७ डिसेंबरला जाहीर झाले की शपथविधीची प्रारंभिक प्रार्थना वॉरन म्हणणार. आफ्रिकेतल्या एड्सग्रस्तांसाठी त्यांनी काम केले होते, हे मान्यच आहे. पण आपल्या अनुयायांना त्यांनी प्रस्तावाच्या बाजूने मत द्यायला सांगितले होते. एका मुलाखतीत तर आमची लग्ने त्यांनी भावाबहिणीच्या, आणि प्रौढाने लहान मुलाशी केलेल्या लग्नाच्या पंक्तीला बसवली होती. आपण समलिंगींच्या समानतेचे खंदे पाठीराखे आहोत, पण मतभेद असलेल्यांनी एकत्र बसता आले पाहिजे, असा ओबामांचा खुलासा होता.

प्रार्थना काही मिनिटांत संपते, कायदा टिकतो, आणि सरकारची पारख कायद्यावरून करावी, हा युक्तिवाद मला तेव्हाही पटत होता. तो सगळ्यात चांगल्या रीतीने मांडणारा माणूस मात्र ओबामांच्या गोटातला नव्हता. तो होता बेयार्ड रस्टिन. त्यांच्यापाशी थोडे थांबायला हवे, कारण या प्रश्नावर त्यांच्याइतका अधिकार दुसऱ्या कोणाचा नाही.

रस्टिन कृष्णवर्णीय होते, क्वेकर होते, समलिंगी होते. गांधीजींच्या हत्येनंतर काही महिन्यांनी ते भारतात येऊन गेले. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या माँटगोमेरीच्या लढ्याला अहिंसेची शिस्त लावण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९६५मध्ये त्यांनी एक निबंध लिहिला. निदर्शनांचा काळ ओसरतो आहे, आता कामगार संघटना, चर्च आणि उदारमतवादी यांची आघाडी बांधून सत्ता मिळवायला हवी, तडजोडीला घाबरू नये, असा त्याचा आशय होता. अल्पसंख्याकाला मित्र निवडण्याची चैन परवडत नाही, हे त्यांनी जितके स्पष्ट पाहिले तितके फार थोड्यांनी पाहिले. या निबंधाच्या आधारे वॉरन यांच्या निवडीचे समर्थन करता येते.

पण हाच माणूस आघाडीची किंमत म्हणून मोजला जाण्याची वेळ दोनदा आली होती. १९६०मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनाबाहेर निदर्शने करायची तयारी चालली होती. ती थांबवण्यासाठी काँग्रेस सदस्य ॲडम क्लेटन पॉवेल यांनी धमकी दिली, की किंग आणि रस्टिन यांचे संबंध असल्याची अफवा आपण उठवू. अफवा धादांत खोटी होती. किंग मागे सरले, रस्टिन यांनी राजीनामा दिला आणि किंग यांनी तो जाऊ दिला. या प्रकाराने किंग यांनी तरुणांमधली आपली नैतिक पत गमावली, असे जेम्स बाल्डविन यांनी पुढच्या वर्षी लिहिले.

तीन वर्षांनी वॉशिंग्टनच्या मोर्चाची वेळ आली. रस्टिन यांना प्रमुख नेमायला मोठ्या नेत्यांचा विरोध होता. तेव्हा वृद्ध कामगार नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांनी प्रमुखपद स्वतःकडे घेतले, उपप्रमुख म्हणून रस्टिन यांना नेमले आणि सगळे काम त्यांच्या हाती सोपवले. ऑगस्टमध्ये सिनेटर स्ट्रॉम थर्मंड यांनी सिनेटमध्ये रस्टिन यांच्या १९५३च्या अटकेचा उच्चार करून त्यांना विकृत ठरवले. या वेळी रँडॉल्फ ठाम उभे राहिले आणि किंगही मागे सरले नाहीत. २८ ऑगस्टला अडीच लाख माणसे आली.

या दोन प्रसंगांत आघाडी तीच होती, आणि रस्टिनही तेच. फरक एवढाच, की पहिल्या वेळी किंमत रस्टिन यांच्या खिशातून परस्पर काढली गेली, तर दुसऱ्या वेळी रँडॉल्फ यांनी ती स्वतःच्या प्रतिष्ठेतून भरली. म्हणून आघाडीचा युक्तिवाद मान्य करूनही मी म्हणतो, की त्याने प्रश्न सुटत नाही. तडजोड करावी का, हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न: तडजोडीत कोणाला विकले जाते आणि त्याला विचारले जाते का? २००८मध्ये आम्हाला कोणी विचारले नाही.

आता ‘शेवटी हक्क मिळालाच’ याबद्दल. जून २००९मध्ये ओबामांच्याच न्यायखात्याने विवाहबंदीच्या केंद्रीय कायद्याचा न्यायालयात बचाव केला. आमचे लोक भडकले, ऑक्टोबरमध्ये त्यांनी राजधानीत मोर्चा काढला. मार्च २०१०मध्ये लेफ्टनंट डॅन चोई यांनी स्वतःला व्हाइट हाउसच्या कुंपणाला बेड्यांनी बांधून घेतले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सैन्यातली समलिंगींवरची बंदी उठवणाऱ्या कायद्यावर राष्ट्राध्यक्षांनी सही केली. फेब्रुवारी २०११मध्ये विवाहबंदीचा बचाव थांबला. मे २०१२मध्ये ओबामांनी विवाहाला जाहीर पाठिंबा दिला. त्यांचे सल्लागार डेव्हिड ॲक्सेलरॉड यांनी पुढे लिहिले, की २००८मधला त्यांचा विरोध राजकीय सोयीचा होता. म्हणजे मन बदलण्याची वाट पाहायची नव्हतीच. गप्प राहणे महाग पडेल, अशी वेळ आणायची होती, आणि ती ओरडणाऱ्यांनी आणली. जानेवारी २०१३च्या शपथविधीतल्या प्रार्थनेसाठी लुई गिग्लिओ यांचे नाव जाहीर झाले, तेव्हा त्यांचे समलिंगीविरोधी जुने प्रवचन बाहेर आले आणि त्यांना माघार घ्यावी लागली. चार वर्षांपूर्वी वॉरन मात्र व्यासपीठावर गेले होते. या चार वर्षांत आम्ही धीर धरला नव्हता.

मतदानावर थुंकणाऱ्या माझ्या डाव्या मित्रांनाही एक गोष्ट विसरता येणार नाही. २६ जून २०१५चा विवाहाचा निकाल पाच विरुद्ध चार असा लागला, आणि त्या पाचांतल्या दोन न्यायमूर्ती, सोनिया सोतोमायोर आणि एलेना केगन, ओबामांनी नेमलेल्या होत्या. सॅडलबॅकमधल्या त्या उत्तराने उबग येऊन २००८मध्ये पुरेशा लोकांनी घरी बसणे पसंत केले असते, तर तो निकाल असा लागलाच असता असे कोण म्हणेल? आशा मी एवढ्यासाठीच ठेवतो. मत दिल्यावर आपण नेत्याच्या दारात उभे राहू शकतो, आणि त्याच्या दारात उभ्या असलेल्यांना तो कायम टाळू शकत नाही.

यानंतरचे मात्र मला जड जाते. २००८मध्ये किंमत माझी होती. आज न्यूसम ज्यांच्या नावावर तडजोड करत आहेत त्या ट्रान्स मुली आहेत, काही तर शाळकरी वयाच्या. माझ्याकडे विवाहाचा हक्क आहे. नोव्हेंबर २०२४मध्ये या राज्याने बासष्ट टक्क्यांहून अधिक मतांनी प्रॉपोझिशन ८ची ओळ राज्यघटनेतून पुसूनही टाकली. म्हणजे या वेळी १९६०च्या किंग यांच्या जागी मी उभा आहे. स्नेही मला धीर धरायला सांगतात, तो धीर मी माझ्या खर्चाने धरणार नाही. एखाद्या पंधरा वर्षांच्या मुलीच्या खर्चाने धरेन. तो अधिकार मला नाही, गव्हर्नरांनाही नाही. उद्या त्यांच्यासमोर याहून वाईट उमेदवार उभा असला तर मी न्यूसम यांना मत देईन, आणि ज्या प्रत्येक सभेत मला प्रश्न विचारता येईल, तिथे या मुलींबद्दल विचारेन.

भारतातल्या वाचकांसाठी हा विषय दूरचा नाही. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला आणि प्रश्न कायदेमंडळाकडे सोपवला. विशेष विवाह कायदा बदलण्याचे खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी त्याआधीच, एप्रिल २०२२मध्ये, लोकसभेत मांडले होते. म्हणजे तुमचा हक्क आता तुमच्या खासदाराच्या हाती आहे. पुढच्या निवडणुकीत तो दारी आला की त्याला अशा विधेयकाबद्दल विचारा. ट्रान्स माणसांना त्यातून वगळायला तो तयार आहे का, हेही विचारा. त्याचे उत्तर तारखेसकट लिहून ठेवा. निवडून आल्यावर तो पलटला, तर ती नोंद घेऊन त्याच्या कार्यालयात जा.